रक्त घेऊन या

माझ्या खालच्या ओळीत समोरचा एक दात नाही. तो कसा गेला असं कोणी विचारलं, की मी इतकी वर्षं एकच उत्तर देत आलो: माणिकपूरच्या एका डॉक्टरांनी घालवला. चार वाचवायचे होते, तीनच वाचवले. माल कमी भरला की मी सख्ख्या भावाला सोडत नाही, तर दातांच्या डॉक्टरला कशाला सोडू?

माझा धंदा अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांचा. बोळिंजपासून एव्हरशाईन सिटीपर्यंत ज्या इमारतींत तुम्ही रविवारी पंख्याखाली पडून वारा खाता, त्यातल्या बऱ्याच खिडक्या माझ्या हातच्या आहेत. साताऱ्याकडून आलो तेव्हा दुसऱ्याच्या हाताखाली काचा उचलत होतो. पुढं जे उभं केलं ते तोंडाच्या जोरावर. बिल्डर असो, सोसायटीचा चेअरमन असो, समोरच्यानं तीन वेळा नाही म्हटल्याशिवाय माझं बोलणं सुरूच होत नाही.

या डॉक्टरांशी मात्र माझं कधी जमलं नाही. पहिली गोष्ट म्हणजे, त्यांच्या दवाखान्याला जुन्या लाकडी खिडक्या होत्या. उघडताना कुत्रं चेंगरल्यासारखा आवाज व्हायचा. ओळखीच्या इतक्या वर्षांत या माणसानं माझ्याकडून एक खिडकी घेतली नाही. "आवाज झाला की कळतं वारा सुटलाय," म्हणायचे.

डॉक्टर वसईचेच, जुन्या ख्रिस्ती घरातले. घरामागं केळीची बाग. सकाळी बागेला पाणी सोडून मगच ते दवाखान्यात यायचे, त्यामुळं वर इस्त्रीचा पांढरा कोट आणि खाली चिखल वाळलेल्या चपला. घरून फोन आला की ते त्यांच्या वाडीच्या बोलीत बोलत, ती मला अजून कळत नाही. आमच्याशी मात्र शाळेतल्या मास्तरांसारखं शुद्ध मराठी. दात काढायला आलेल्या माणसाला ते बहुतेक वेळा परत पाठवत. दात पांढरे करायला आलेल्याला तर पायरीवरूनच. "दात हलत नसतो, जमीन हलते," हे त्यांचं आवडतं वाक्य. केळ कलंडली की लोक खोडाला टेकू देतात, आपण आधी बुंध्याशी माती बघायची, हे दुसरं. प्रत्येक पेशंटला त्यांची बाग फिरून यावी लागे, तोंड उघडं ठेवून.

आणि सुकेळी. वसईची वाळवलेली, मधासारखी चिकट राजेळी केळी. दातांना याहून वाईट काही नाही, असं पेशंटना सांगत आणि स्वतः टेबलाच्या ड्रॉवरमध्ये भरून ठेवत. दोन पेशंटच्या मध्ये एक सुकेळी खायची आणि लगेच बेसिनपाशी उभं राहून दोन मिनिटं ब्रश करायचा, सगळ्यांसमोर. मी एकदा विचारलं, "डॉक्टर, हा काय प्रकार?" म्हणाले, "पाप मी करतो. पण पावती लगेच फाडतो."

मी त्यांच्याकडे गेलो तो बायकोमुळं. एकदा जेवताना ती म्हणाली, "अहो, तुम्ही बोलता ना, तेव्हा तुमचे खालचे दात हलताना दिसतात."

"दिव्याचा उजेड हलत असेल."

"उजेड हलत असेल तर मग माझे का नाही हलत?"

आरशात बघितलं. समोरचे चार दात बोटानं दाबले तर पियानोच्या पट्ट्यांसारखे मागंपुढं होत होते. धंदा तोंडावर चालणारा माणूस मी. उद्या चेअरमनसमोर बोलताना शब्दांऐवजी वारा निघाला तर? दुसऱ्या दिवशी माणिकपूर गाठलं.

पहिल्या भेटीत ते इलाज सुरूच करत नसत. घरचा ब्रश बरोबर आणायचा आणि त्यांच्यासमोर दात घासून दाखवायचे, हा त्यांचा नियम. मी घासले. ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे. मग माझा ब्रश हातात घेऊन त्याचे चारी बाजूंना फिस्कटलेले केस त्यांनी उजेडात बघितले आणि म्हणाले, "यानं तुम्ही खिडकीची चौकट घासा. हिरडी नका घासू."

त्यांनी माझा हात धरला, नवा ब्रश माझ्या अंगठ्याच्या नखावर टेकवला आणि हळूच फिरवला. "इतकाच जोर. दात आणि हिरडी भेटतात तिथं, तिरका धरून. दोन मिनिटं." मग माझ्या जुन्या ब्रशला दोरा बांधून तो भिंतीवर टांगला. तिथं आधीच वीस-पंचवीस ब्रश लटकत होते, प्रत्येकाखाली चिठ्ठी: 'मुख्याध्यापिका', 'बँक', 'फुलवाला'. माझ्याखाली 'खिडक्या' असं लिहिलं. माझं डोकं फिरलं. पण तोंडात आरसा होता.

"रक्त येतं?" त्यांनी विचारलं.

"यायचं. आता बंद आहे," मी जरा ऐटीतच सांगितलं.

"कशानं बंद झालं?"

"मशेरीनं."

आमच्या गावाकडं मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, कुटून बारीक केलेली. आईनं लहानपणी बोटावर दिली होती, तेव्हापासून. सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा, आणि साइटवर कोणाशी वाजलं की एकदा. मधे हिरड्यांतून रक्त येऊ लागलं तसा मशेरीचा हात वाढवला आणि रक्त थांबलं. मला वाटलं, औषध सापडलं.

डॉक्टरांनी आरसा ठेवला, स्टूल ओढून माझ्यासमोर बसले आणि खुशीत मांडीवर थाप मारली. "भिंतीला ओल आली की तुमची गिऱ्हाइकं काय करतात?"

"वरून रंग मारतात. मूर्ख असतात."

"मग तुम्ही काय केलंत?"

माझी जीभ आपोआप हिरडीवरून फिरली.

"तंबाखूनं हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्त बाहेर येत नाही. आजार आत चालूच राहतो. दाताच्या मुळाशी कीटण साचलंय, ते हाड खातंय. रक्त ही तक्रार होती हो. तुम्ही तक्रार करणाऱ्याचंच तोंड दाबलंत." त्यांनी एक्सरे काढला आणि उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चार-पाच वेळा यावं लागेल. मुळापर्यंत साफ करतो. आणि मशेरी बंद."

मी लगेच कामाला लागलो. "चार-पाच कशाला? एकदाच बसतो, सगळं उरका."

"चार मजल्यांच्या खिडक्या एका दिवसात बसवता?"

"बरं, साफसफाई तुमच्या मनाप्रमाणं. पण मशेरी तीनदा लावतो, ती एकदा करतो."

"बंद."

"फक्त सकाळची. त्याशिवाय पोट साफ होत नाही."

"पोटाचे डॉक्टर खालच्या मजल्यावर आहेत. बंद."

"बरं, दिवसाआड?"

त्या दिवशी त्यांच्या कपाळावर राखेचा क्रूस होता. त्यांचा उपवासकाळ त्या बुधवारी सुरू होत होता. ईस्टरपर्यंत चाळीस दिवस त्यांच्यातले लोक काही ना काही सोडतात, कोणी मटण, कोणी दारू. ते म्हणाले, "चाळीस दिवस सोडून बघा. देवासाठी नको, दातांसाठी."

"आणि तुम्ही काय सोडणार?" मी विचारलं. एका बाजूनं सौदा होत नसतो.

त्यांनी ड्रॉवरकडे बघितलं. माझ्या लक्षात आलं, इथं दुखतंय.

"सुकेळी," ते हळूच म्हणाले.

"किल्ली द्या."

खरंच दिली. सुकेळींचा ड्रॉवर बंद करून किल्ली माझ्या खिशात. जिना उतरताना वाटलं, आज काही तरी कमावलं.

पहिल्या काही दिवसांचं विचारू नका. दोन कारागिरांवर ओरडलो, एका गिऱ्हाइकाला घालवलं, बायकोनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. पण दोन मिनिटं घड्याळ लावून घासत राहिलो. दोन वेळा साफसफाईही झाली. आणि तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी थुंकलो तर बेसिन लाल. थोडंथोडकं नाही, पान खाल्ल्यासारखं. तसाच शर्टाची बटणं लावत माणिकपूरला गेलो आणि बाकावर बसलेल्या लोकांसमोर सुरू झालो: "मी आलो तेव्हा रक्ताचा थेंब नव्हता! याला इलाज म्हणतात? बरं होतं ते बिघडवून ठेवलं यांनी!"

बाकावर किनाऱ्याकडची एक म्हातारी बसली होती, गाल सुजलेला. ती म्हणाली, "ए बाबा, कोन मेला का हिरडीच्या रक्तानं? जरा बस. पानी पी."

डॉक्टर बाहेर आले. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि माझा हात हातात घेऊन जोरात हलवला. "अभिनंदन! पेशंटचं नाही, हिरडीचं. जिवंत आहे ती. मशेरी सुटली की असंच होतं, आकसलेल्या वाहिन्या उघडतात. आता खरा आजार दिसायला लागला. आता तो बरा करता येईल." मग बाकाकडे वळून म्हणाले, "बघा, यांनी खरंच सोडली." आणि ती सगळी माणसं, सुजलेल्या गालाची म्हातारीसुद्धा, माझ्याकडे बघून हसली. भांडायला आलेल्या माणसाची याहून मोठी फजिती नाही.

त्याच दिवशी त्यांनी साखर तपासायला पाठवलं. हिरड्या एवढ्या भडकल्या की रक्तातली साखर बघावीच लागते, म्हणाले. मी विचारलं, "लॅबकडून तुम्हाला किती सुटतात?" ते रागावले नाहीत. "ज्या लॅबवाल्याशी तुमचं भांडण आहे त्याच्याकडे जा," म्हणाले. गेलो. साखर वाढलेली निघाली. गोळ्या सुरू झाल्या. त्याचा दोषही मी बरेच दिवस त्यांनाच दिला.

खरा तंटा झाला तो पुढं. ईस्टरला दहा-बारा दिवस उरले होते आणि एव्हरशाईनच्या एका सोसायटीत माझं मोठं काम अडलं. कमिटीतला एक जण रोज नवी खुसपटं काढत होता. एका दुपारी साइटवरच्या एका कामगाराकडं मशेरीची डबी दिसली. बोट बुडवलं. मग रोजच बुडवलं. आठवड्यात रक्त बंद. मी आनंदात दवाखान्यात गेलो. "बघा डॉक्टर, एक थेंब नाही. झालो बरा."

त्यांनी बारीक सळईनं हिरडीच्या कडा तपासल्या. बराच वेळ. मग विचारलं, "लावलीत?"

"नाही."

"एकदाही?"

"शपथ घेऊ का?"

त्यांनी हातमोजे काढले. "तुमच्या हिरड्या वेगळं सांगतायत. त्या खोटं बोलत नाहीत." आणि खुर्चीचा दिवा बंद केला. "मी आता काही करणार नाही. वरून रंग मारल्यावर ओल कुठं आहे ते मला दिसत नाही. मशेरी सुटली की या. रक्त घेऊन या."

मला हाकलून दिलं. मला! ज्याच्या एका खिडकीची ऑर्डर आजवर कोणी परत केली नव्हती, त्याला एका डॉक्टरनं परत पाठवलं. मी किल्ली त्यांच्या टेबलावर आपटली. ते म्हणाले, "ईस्टरला अजून चार दिवस आहेत," आणि किल्ली परत माझ्या हातात दिली. त्यांची बाजू ते पाळत होते. हे जास्त झोंबलं.

रागानं मी दोन महिने तिकडं फिरकलो नाही. मशेरी जोरात. रक्त नाही, दुखणं नाही. आणि त्याच एव्हरशाईनच्या सोसायटीत, शेवटच्या बैठकीत, खुसपटं काढणाऱ्या त्या माणसाला "याच्याखाली एक पैसा उतरणार नाही" असं ठासून सांगताना माझा दात तोंडातून निघाला आणि टेबलावर पडला. घरंगळत चेअरमनच्या चहाच्या कपापाशी थांबला. चेअरमन म्हणाला, "द्या, द्या यांना, मागतील तेवढं द्या." काम मिळालं. पण रिक्षात बसलो आणि उरलेल्या तिघांना जीभ लावली. तिघंही हलत होते.

मशेरी त्या दिवशी थांबवली. त्यानंतर मी जे केलं ते शहाण्या माणसानं करावं असं नाही. रोज सकाळी घासायचं, थुंकायचं आणि बेसिनमध्ये वाकून लाल शोधायचं. पांढरंच. दुसऱ्या आठवड्यातही पांढरंच. बायको म्हणाली, "लोक रक्त थांबावं म्हणून नवस करतात, तुम्ही ते यावं म्हणून करताय." एक दिवस किंचित गुलाबी दिसलं. मी दम धरला. आणि मग एका सकाळी आलं, चांगलं ठसठशीत लाल. मी ओरडलो, "आलं! अगं, आलं!" शेजारच्यांना वाटलं, घरात काही तरी शुभ घडलं. चूळ न भरता, तोंड मिटून, मी रिक्षा केली.

डॉक्टरांपुढं उभा राहिलो आणि तोंड उघडलं. त्यांनी बघितलं. दात गेलेली जागा बघितली. "बसा," एवढंच.

मग त्या माणसानं महिनाभर काम केलं. एकेका मुळाशी, जमिनीतला खडा काढावा तसं. हळूहळू रक्त कमी होत गेलं आणि या वेळी खरंच थांबलं, मशेरीशिवाय. हिरडीचा जांभळट रंग जाऊन गुलाबी आला. तिन्ही दात पुन्हा रोवल्यासारखे घट्ट बसले.

पण मी ज्याचा माल कमी भरला त्याला सोडत नाही. दर सहा महिन्यांनी तपासणीला गेलो की खुर्चीत बसण्याआधी विचारायचो, "चौथ्याचं काय?"

"तो गेला."

"तुम्ही हाकललंत म्हणून गेला. ते दोन महिने बघितलं असतंत तर चारही असते."

ते फक्त म्हणत, "तोंड उघडा." वर्षानुवर्षं हेच. नात्यातल्या लग्नांमध्ये, साइटवर, जिथं दातांचा विषय निघेल तिथं मी त्यांची ही गोष्ट सांगितली. पुढं त्यांची नजर कमी झाली, त्यांनी दवाखाना बंद केला आणि ते बागेतच राहू लागले.

गेल्या वर्षी एव्हरशाईनला घराजवळच एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेलो. काचेचा दवाखाना, सगळं पांढरं. जुनी फाइल बरोबर नेली होती. त्यांनी तो पहिला एक्सरे दिव्यावर धरला, माझ्या तोंडात बघितलं, परत एक्सरे बघितला.

"काका, हे दात कोणी वाचवले?"

"का?"

"हा एक्सरे मला दाखवला असता तर मी चारही काढायला सांगितले असते."

"आणि हा चौथा? वेळेवर बघितलं असतं तर वाचला असता की नाही?" मी साक्षीदार मिळाल्याच्या आनंदात विचारलं.

त्यांनी पेनाचं टोक त्या जागेवर ठेवलं. "याच्याभोवती हाडच नव्हतं, काका. तो पहिल्या दिवशीच गेलेला होता. इतके दिवस तोंडात कसा राहिला, हेच नवल."

मी तिथून उठलो तो सरळ डॉक्टरांच्या वाडीत. ते केळींना पाणी देत होते. पाटातलं पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात फावड्यानं वळवत होते. मी बांधावरूनच सुरुवात केली.

"चौथा पहिल्या दिवशीच गेला होता?"

आवाजावरून त्यांनी ओळखलं. "हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"एक्सरे मीच काढला होता ना."

"मग सांगितलं का नाही?"

"एक गेलाय म्हटलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, मग चारही काढा, घाऊकात."

हे खोटं नव्हतं, म्हणून मला आणखी राग आला. "आणि नंतर? इतकी वर्षं मी तुमच्या नावानं बोंबलत फिरलो, तेव्हा एकदा तरी तोंड उघडायचं होतंत!"

त्यांनी फावडं मातीत रोवलं. "उघडलं असतं तर तुमचं भांडण मिटलं असतं. भांडण मिटलं असतं तर तुम्ही आला असता का? हिरड्या दाखवायला दर सहा महिन्यांनी कोण येतं हो? दुखत नाही, खुपत नाही. तुम्ही भांडायला यायचात. मला चालत होतं."

पाणी आळ्यात भरून काठापर्यंत आलं तरी ते तसेच उभे होते, मान तिरकी करून, कमी दिसतं म्हणून कानानं माझा अंदाज घेत.

"मशेरी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

मी सवयीनं तोंड उघडलं आणि त्यांना नीट दिसावं म्हणून उन्हाकडे वळलो.

"मिटा," ते म्हणाले. "सांगितलंत ना तुम्ही."

आणि त्यांनी पाणी पुढच्या केळीला वळवलं.